दोराची दोन टोकं

"ताई, ही तर संगीत खुर्ची होईल हो!" कौस्तुभ म्हणाला आणि तालमीच्या हॉलमधले सगळे वादक हसले.

शेवंती कोयंडेही हसली. विनोद वाईट नव्हता. पण हसून झाल्यावरही ती हॉलच्या मधोमध तशीच उभी राहिली. हातात कागदांची चळत, पायात मालवणहून येताना घातलेल्या रबरी चपला. मुंबईतल्या एका ऑर्केस्ट्रानं तिची रचना हिवाळी मैफलीत घेतली होती आणि मैफल चार दिवसांवर आली होती.

रचनेचं नाव 'ओढ'. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, अशी नुसती तारांची वाद्यं. वादकांचे दोन गट हॉलच्या दोन टोकांना बसायचे, श्रोते मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना. प्रत्येक गटातल्या सगळ्यात मागच्या वादकाचे सूर वाजवून झाले की त्यानं उठायचं, बाकीच्यांना ओलांडून पुढच्या रिकाम्या खुर्चीवर बसायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मग आता जो सगळ्यात मागे उरला तो उठणार. असं करत करत दोन्ही गट वाजवत वाजवत एकमेकांकडे सरकत यायचे. समोर उभं राहून हात हलवणारा कंडक्टर नाही. शेवंतीनं तसं पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

कौस्तुभ त्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर. वय अडतीस-चाळीस, परदेशात शिकून आलेला, वागायला नम्र. शेवंतीची रचना निवडली होती तीही त्यानंच.

"माझा मुद्दा मानापमानाचा नाही," तो म्हणाला. "दोन गटांत एवढं अंतर ठेवलं तर सूर पोचायलाच उशीर होतो. हे एकत्र राहणार कसे?"

"थोडे मागेपुढे होतील. मग एकमेकांना ऐकतील आणि जुळवून घेतील."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर लोकांना ते ऐकू येईल."

कौस्तुभनं कपाळ चोळलं. "एकदा माझ्या पद्धतीनं ऐका. सगळे स्टेजवर, जागा न बदलता, मी समोर. एकदाच. मग ठरवू."

शेवंती भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसली. त्यांनी वाजवलं. वादक कसलेले होते. मधल्या संथ भागात तर एकही गज जरासुद्धा पुढेमागे झाला नाही. संपल्यावर वादकांनीच गजांनी स्टँडवर टकटक करून दाद दिली.

शेवंती खाली मान घालून ऐकत होती. सगळं जुळलं होतं, कारण सुटायला कुठे वावच नव्हता.

"सुंदर वाजवलंत," ती म्हणाली. "पण असं नको."

कौस्तुभ तिच्या शेजारी येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, स्पष्ट सांगतो. हॉलच्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या आहेत. विश्वस्तांना मी समजावू शकणार नाही. आणि अशी संधी पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. तुमचं वय..."

"साठ होईल येत्या मार्गशीर्षात," शेवंतीनं वाक्य पुरं केलं. मग ती उठली आणि एकेका स्टँडवरून आपले कागद गोळा करायला लागली.

चेलो वाजवणारी स्वप्ना, तिशीतली मुलगी, तेवढी म्हणाली, "ताई, माझी पानं मी ठेवून घेऊ? घरी वाजवून बघते."

"ठेव."

जिना उतरताना शेवंती अर्ध्यावर थांबली. ती कठड्याला धरून उभी राहिली. चाळीस वर्षं लिहीत होती. इतके वादक एका वेळी तिचं लिहिलेलं वाजवणार, असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते तिनं आत्ता स्वतःच्या हातानं मोडलं होतं. परत वर जावं, हो म्हणावं, असं अगदी स्पष्ट मनात आलं. कागद छातीशी धरून ती खाली उतरली.

मालवणच्या एसटी स्टँडवर सकाळी बाळा स्कूटर घेऊन उभा होता. बाळा तिचा भाऊ, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण लहानपणापासून ती त्याला नावानंच हाक मारायची.

"इलंस? लवकर इलंस गो. कार्यक्रम शनवारी ना?"

"कार्यक्रम नाय होवचो. कागद घेऊन परत इलंय."

"कित्याक?"

"तेंका कंडक्टर होयो होतो. माका नको होतो."

बाळानं स्कूटरवरून मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "गाण्याक कंडक्टर कित्याक? तिकिटा फाडूक?"

इतक्या तासांनी शेवंतीला मोकळं हसू आलं. दोघं स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसली. तिथंच ती म्हणाली, "मी ता हंयच करतलंय. मालवणात."

"काय करतलंस?"

"तीच रचना. वादक जमवतलंय, जागा बघतलंय."

"आणि हंय कोण ऐकतलो? आसा तरी काय तेच्यात?"

तिनं आजवर घरात ते सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. दांडीच्या किनाऱ्यावर कोयंड्यांची आणि शेजारच्या घरांची मिळून जी रापण होती, तिच्यावर ते आहे. होडी अर्धं वर्तुळ मारून जाळं टाकून यायची, दोन दोर किनाऱ्यावर दोन टोकांना यायचे आणि गावची माणसं तासन् तास ओढत ओढत एकमेकांच्या जवळ सरकायची, तेच.

बाळानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

वडिलांनंतर ती रापण बाळानं सांभाळली होती. मग खोल पाण्यात मोठ्या यांत्रिक बोटी फिरायला लागल्या, किनाऱ्याला मासळी येईना, दोर धरायला तरणी माणसं मिळेनात. शेवंती मुंबई सोडून कायमची परत आली त्याच्या आदल्या वर्षी जाळं कापून विकलं. त्यातले काही तुकडे अजून लोकांच्या परसात दिसत, वांग्या-मिरच्यांभोवती माकडं येऊ नयेत म्हणून लावलेले. बाळा आता दुसऱ्याच्या होडीवर होता, पर्यटकांना किल्ला दाखवायला नेणाऱ्या.

"जाळा कापला तेव्हा तू थंय नव्हतंस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सुरी माझ्या हातात होती. म्हातारी माणसा आपापल्या दारात उभी रवान बघी होती. तू मुंबयत व्हायलिन वाजवी होतंस. आणि आता आमचा मराण घेऊन गाणा करतंस? कोणाक दाखवूक?"

"नव्हतंय थंय. खरा आसा."

"मगे?"

"मगे काय. लिवलंय ता. आता वाजवतलंय."

बाळानं तिला घरापर्यंत सोडलं, तिची पिशवी पायरीवर ठेवली आणि स्कूटर वळवून निघून गेला. त्यानंतर तो बरेच दिवस तिच्याकडे फिरकला नाही.

शेवंती आठ-नऊ वर्षांची असताना आईबरोबर मासळीची पाटी घेऊन फिरायची. आई, कृष्णाबाई, ख्रिश्चन वाड्यात शेवटचं घर घ्यायची ते इनास मास्तरांचं. मास्तर चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. आई सुरमईचे तुकडे करत असे, तोवर शेवंती खिडकीखाली उभी राही. एकदा मास्तरांनी तिला आत बोलावलं. ती रोज यायला लागली, तेव्हा कृष्णाबाई भडकली.

"चेडवाक शिकवन काय करतलास, मास्तर? तेचा काय होतला?"

"ता माका ठाऊक नाय," मास्तर म्हणाले. "पण ती ऐकता, कृष्णाबाय. ऐकणारी पोरा खंय गावतत?"

मास्तरांनी तिला वाजवायला शिकवलं, आणि पाच रेघांवर सूर लिहायला-वाचायलाही. त्यांच्याच ओळखीनं ती विशीच्या आत मुंबईला गेली, सिनेमाच्या गाण्यांना व्हायोलिन वाजवायला. तिसऱ्या रांगेतली खुर्ची. वीस-बावीस वर्षं ती दुसऱ्यांची गाणी वाजवत राहिली आणि खोलीवर परतली की स्वतःचं लिहीत राहिली. ते सिनेमाचं नव्हतं, भजनाचं नव्हतं, ख्याल-ठुमरीचंही नव्हतं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या घाटात बसवलेलं, पण ऐकू यायचं ते दांडीच्या किनाऱ्यावरचं. लग्न केलं नाही. त्यावरून घरात आधी भांडणं झाली, मग कुणी विचारेनासं झालं. पुढे स्टुडिओत की-बोर्ड आले, व्हायोलिनच्या रांगा उठल्या, आणि त्याच सुमाराला आई अंथरुणाला खिळली. शेवंती मालवणला आली आणि राहिली.

त्या काळात तिची चार वाद्यांची एक रचना जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या महोत्सवात निवडली गेली. आईला सोडून जाणं शक्य नव्हतं. तिथल्या लोकांनी फोन लावला आणि चालू मैफलीत तो धरून ठेवला. शेवंती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, फोन कानाला लावून ऐकत होती. आतून आईनं विचारलं, "कोण रडता गो?"

"कोण नाय आये. वाजवतत."

"तुझा?"

"माझा."

आई म्हणाली, "मगे मोठ्यान लाव."

तिनं फोन आईच्या उशाशी नेऊन ठेवला. दोघींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर तिथल्या टाळ्यांचा आवाज आला, तेव्हा कृष्णाबाई म्हणाली, "पाऊस लागलो काय?"

आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मालवणात शेवंतीला सगळे व्हायलिनवाली बाई म्हणत. शाळेतली मुलं, बँकेतला विनीत, सरकारी दवाखान्यात नर्स असलेली तेजस्वी असे सात-आठ जण तिच्याकडे शिकायला येत. ती लिहिते काय, हे त्यांनाही नीटसं माहीत नव्हतं.

आता तिनं त्यांना सांगितलं. मोठ्यांपैकी चौघं तयार झाली. पण चौघांत दोन टोकं कशी होणार? मग एका सकाळी ती एसटीनं आरोंद्याला गेली आणि पूल ओलांडून पलीकडे गोव्यात. इनास मास्तरांचा पुतण्या पास्कू तिथं चर्चमध्ये आणि लग्नांत व्हायोलिन वाजवायचा. तोही आता पन्नाशीला टेकलेला. त्यानं पानं चाळली, एक ओळ गुणगुणली आणि विचारलं, "ह्यात सूर खंय आसा, शेवंतीबाय? नुसता ओढणाच दिसता."

"ओढणाच आसा."

"बरा तर. ओढूया." पास्कूनं आपल्याबरोबर आणखी तिघांना आणायचं कबूल केलं.

जागेचा प्रश्न होता. नाट्यगृहात खुर्च्या ठोकलेल्या. शाळेचा हॉल चौकोनी. शेवटी बंदराजवळची बर्फाच्या कारखान्याची जुनी शेड तिच्या डोळ्यांसमोर आली. लांबच लांब, दोन्ही टोकांना दारं, कारखाना बंद पडून रिकामी. मालक जितेंद्र आपल्या शाळासोबत्याचा मुलगा, हे तिला आठवलं. ती थेट त्याच्या दुकानात गेली.

"घेवा की, मावशे," तो म्हणाला. "पण वास येतलो."

"कसलो?"

"मासळीचो. भिंतीत मुरलो आसा, धुवन जाणा नाय."

"मगे बराच."

तालमी सुरू झाल्या त्या हाल करणाऱ्या. पास्कूची माणसं लिहिलेलं भराभर वाचायची, पण दर वेळी मान वर करून ताल देणाऱ्याला शोधायची. विनीत ओठांनी आकडे मोजायचा. तेजस्वी उठून पुढच्या खुर्चीवर जाताना हमखास कुणाच्या तरी गजाला धडकायची. दोन्ही टोकं अर्ध्यावर येईपर्यंत सगळं विस्कटून जाई, आणि लोक शेवंतीकडे बघत.

"शेवंतीबाय, नुसतो पाय तरी आपटा," पास्कू काकुळतीला येऊन म्हणाला. "एक-दोन, एक-दोन. आमी जुळवून घेतंव."

"माझ्याकडे नको बघू. तेंच्याकडे कान लाव."

"ऐकूक येता काय इतक्या लांबचा?"

"येता. पयल्यांदा येणा नाय, मगे येता."

तिला ते हातांनीच माहीत होतं. लहानपणी ती या टोकाला दोर धरून उभी राही तेव्हा त्या टोकाची माणसं नीट दिसतही नसत. वाऱ्यात हाका पोचत नसत. पण दोर सांगायचा. पलीकडे जोर लागला की इकडे तळहाताला कळायचं. ते दमले की कळायचं. कुणाचा पाय घसरला तरी कळायचं, आणि मग इकडची माणसं काही न बोलता तेवढी थांबायची, नुसता ताण धरून. जाळं वाकडं होऊ द्यायचं नाही. कंडक्टर पुढे उभा केला की हे सगळंच जातं, हे ती कौस्तुभला त्या हॉलमध्ये सांगू शकली नव्हती. शब्दांत मांडायला गेलं की ते फार मोठं व्हायचं.

ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायला लावायची. कुणी चिडलं तर चिडू द्यायची. स्वतः व्हायोला घेऊन समुद्राकडच्या टोकाला सगळ्यात मागे बसायची.

बाळाची बायको नर्मदा संध्याकाळी घरातून चहाची किटली घेऊन येई. "तेंका सांगा नको मी येतंय म्हणान," ती कुजबुजायची. मग कप भरता भरता म्हणायची, "पण घराक गेलंय की इचारतत, खंयवर इला म्हणान."

स्वप्नाला तिनं तारीख कळवली होती. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात तिचा मुंबईहून फोन आला. "ताई, मी येतेय. माझ्याबरोबर दोघं आहेत, एक व्हायोला आणि एक बास. कौस्तुभ सरांना सांगितलं. ते म्हणाले, जा."

फोन ठेवल्यावर शेवंती धक्क्यावर गेली. बाळा पर्यटकांना उतरवून होडी बांधत होता. तिला बघून त्यानं मान खाली घातली आणि गाठ पुन्हा सोडून पुन्हा मारली.

"रविवारी सांजेक," ती म्हणाली. "बर्फाच्या शेडीत."

"रविवारी माका गिऱ्हायका आसत."

"बरा," शेवंती म्हणाली आणि परत फिरली.

रविवारी ऊन उतरायला लागलं तशी शेड भरायला लागली. शेवंतीला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त माणसं आली. काही शिक्षक, शिकणाऱ्या मुलांचे आई-बाप, वाट चुकल्यासारखे आलेले चार पर्यटक. मासळी बाजारातल्या बायका रिकाम्या पाट्या दाराशी ठेवून आत येऊन बसल्या. आणि रापणीवरची जुनी माणसं आली, धुतलेले सदरे घालून. त्यांनी कुणाला न विचारता एका बाजूच्या भिंतीला टेकून जमिनीवरच बसकण मारली. खुर्च्या होत्या, त्यांनी घेतल्या नाहीत. बाळा त्यांच्यात नव्हता.

शेवंतीनं भाषण केलं नाही. "हे 'ओढ'," एवढंच म्हणाली आणि आपल्या टोकाला जाऊन बसली.

पहिला सूर पलीकडच्या टोकाकडून आला, स्वप्नाच्या चेलोचा, इतका खालचा की बऱ्याच जणांना तो सुरू झाल्याचं कळलंच नाही. एक बाई शेजारणीला विचारत होती, "चालू कधी होतला?" मग या टोकाकडून बासनं तोच सूर धरला. थोड्या वेळानं मागचा एक वादक उठला, पुढे येऊन बसला, पुन्हा वाजवायला लागला. मग पलीकडचा एक. कुणीतरी खुदकन हसलं. पर्यटकांपैकी दोघं उठून गेली. एक मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. शेवंतीला हे सगळं ऐकू येत होतं आणि तिचा गज चालू होता.

रचना अर्ध्यावर आली. दोन्ही गट पुष्कळ पुढे सरकले होते. आणि तिथं पलीकडच्या गटात काहीतरी बिनसलं. विनीतनं एक ओळ गाळली, त्याच्यामागचा गोंधळून थांबला, पास्कूनं मान वर करून सवयीनं समोर पाहिलं. समोर कुणीच नव्हतं. पलीकडचा आवाज एकदम विरळ झाला. नुसता स्वप्नाचा चेलो उरला.

इकडच्या सगळ्यांनी शेवंतीकडे पाहिलं. थांबायचं, की आपण आपलं पुढे न्यायचं?

शेवंतीनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. हातात होता तोच सूर तिनं धरून ठेवला. गज संपला की उलटा फिरवून पुन्हा तोच. शेजारच्या तेजस्वीला कळलं, तिनंही आपला सूर धरला. मग बासनं. लिहिलेलं सगळं थांबलं होतं आणि एकच सूर शेडच्या पत्र्याखाली ताणून उभा होता. शेवंतीचा खांदा भरून आला, मनगटात कळ उठली. अंगाखालची खुर्ची करकरत होती. भिंतीकडे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण गुडघ्यावर हात रोवून पुढे झुकला होता.

पलीकडे पास्कूनं डोळे मिटले. मग त्याचं व्हायोलिन हळूच आत आलं, नेमक्या जागी नाही, जरा आधी, पण आलं. त्याच्यामागे दुसरं. विनीत सगळ्यांच्या शेवटी. आवाज पुन्हा दाट झाला तो दोन्हीकडून एकदम, आणि शेवंतीनं आपला हात पुढच्या ओळीवर नेला.

तेव्हाच तिला बाळा दिसला. बंदराकडच्या दारात, आत नाही न् बाहेर नाही, चौकटीला हात लावून उभा. अंगात होडीवरचं केशरी जॅकेट तसंच होतं.

शेवटी दोन्ही गट इतके जवळ आले की पुढच्या वादकांचे गुडघे एकमेकांना लागत होते. सगळे मिळून एका सुरावर आले आणि तो सूर हळूहळू कमी करत त्यांनी सोडून दिला. मोठा शेवट नव्हता. शेवंतीनं तो लिहिलाच नव्हता.

कुणी टाळी वाजवली नाही. संपलं की नाही, हे कुणाला कळत नव्हतं. त्या शांततेत म्हाताऱ्या हौसाबाईनं, जिनं जन्मभर रापणीवरून मासळी उचलून बाजारात नेली होती, जाळं किनाऱ्याला लागल्यावर विचारायची तसं मोठ्यानं विचारलं, "गावला काय गो?"

सगळी शेड हसली. वादक हसले. शेवंतीलाही हसू आलं.

"वायच गावला," दारातून बाळा म्हणाला.

हसणं थांबलं. मग भिंतीला टेकलेल्या माणसांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि ती पसरत गेली.

माणसं पांगल्यावर बाळा आत आला. त्यानं बासवाल्याला त्याचं अवजड वाद्य उचलायला हात दिला. बाहेर टेम्पोपाशी शेवंतीजवळ उभा राहून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मधी दोर ढिलो पडलो होतो."

"होय."

"माका वाटला, गेला."

"माका पण वाटला."

"सोडलंस नाय पण," तो म्हणाला, आणि पास्कूच्या माणसांना एसटीसाठी घाई करायला पुढे गेला.

त्या आठवड्यात स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी आली. 'मालवण येथे व्हायोलिनवादनाचा बहारदार कार्यक्रम संपन्न.' रचना कुणाची, ते लिहिलं नव्हतं. स्वप्नानं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग कौस्तुभला ऐकवलं. त्याचा शेवंतीला निरोप आला. 'तुमचं बरोबर होतं असं मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण मधे तुम्ही सूर धरून ठेवलात, ते दोनदा ऐकलं.' पुढच्या मोसमाविषयी त्यात काही नव्हतं. शेवंतीनं ते वाचलं, 'आभार' एवढं लिहून पाठवलं आणि फोन बाजूला ठेवला. विश्वस्तांचा निरोप आलाच नाही. 'ओढ' त्या एकाच संध्याकाळी वाजली.

पंधरवड्यात तिनं नवीन काम घेतलं. या खेपेला एकट्या व्हायोलासाठी, म्हणजे कुणाला विचारायला नको आणि कुणाला जमवायला नको. सकाळी मुलं शिकून गेली की ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची. एक ओळ लिहायची, वाजवून बघायची, खोडायची. मनगट अजून दुखत होतं. त्याला तेल लावून, पट्टी बांधून ती लिहायची.

अशाच एका सकाळी बाळाची स्कूटर अंगणात आली. शेवंती एका अवघड जागी अडकली होती. तेच तीन-चार सूर ती पुन्हा पुन्हा वाजवत होती, दर वेळी जरा वेगळे. तिचं बाहेर लक्ष नव्हतं.

बाळानं उंबऱ्याशी येऊन आत डोकावलं. तिची पाठ त्याच्याकडे होती. केळीच्या पानात गुंडाळलेले बांगडे पायरीवर ठेवले, वर मांजर येऊ नये म्हणून घमेलं पालथं घातलं. जरा वेळ तसाच ऐकत उभा राहिला. मग स्कूटर स्टँडवरून हळूच उतरवली, चालू केली नाही, आणि दोन्ही हातांनी हँडल धरून, चाकाखाली वाळू करकरू नये म्हणून गवताच्या कडेकडेनं, ढकलत ढकलत तो ती पार रस्त्यापर्यंत घेऊन गेला.